१५ हर्ट्झची घाई

साधं गणित करून बघा. हृदयाचे मिनिटाला ७२ ठोके धरले तर वर्षाला होतात जवळजवळ ३ कोटी ७८ लाख. आता हृदयात बसवायची कृत्रिम झडप घ्या. तिच्या पाकळ्या लवचिक मटेरियलच्या असतील तर आयएसओ ५८४० नावाचं स्टँडर्ड म्हणतं की आधी २० कोटी वेळा उघडझाप करून दाखवा, मग पुढचं बोलू. खऱ्या हृदयाच्या चालीने २० कोटी व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात, आणि तेवढं थांबायला कोणाला वेळ आहे, म्हणून मशीन पळवतात. सेकंदाला १५ वेळा उघडझाप, म्हणजे १५ हर्ट्झ, की तेच २० कोटी पाचेक महिन्यांत उरकले. सगळे खूश. माझी चुळबुळ मात्र इथेच सुरू होते, कारण त्या पाकळीला आपण २० कोटी ठोके दिले हे खरं असलं तरी पाच वर्षं काही दिली नाहीत. आणि पाकळी जर पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिक-रबराच्या जातीच्या मटेरियलची असेल तर ती पाच वर्षं कुठे गेली हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

माझं काम म्हणजे पॉलिमरच्या पातळ फिल्म आणि मेम्ब्रेन (पातळ पडदे) ताणायच्या, सोडायच्या, परत ताणायच्या आणि कधी फाटतायत ते बघत बसायचं. बघणाऱ्याला हे महाकंटाळवाणं वाटतं आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ असतंही. पण रिपोर्ट हातात घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, किती सायकल टिकलं? (एकदा ताणून सोडलं की एक सायकल.) दहा लाख? वा वा. हे दहा लाख किती वेळात झाले, प्रत्येक सायकलमध्ये लोड किती वेळ वर होता, किती वेळ सुटलेला होता, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

ही सवय धातूंकडून आलीये. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला आणि भयंकर अपघात झाला, तेव्हापासून लोक या प्रश्नाच्या मागे लागले की एका फटक्यात न तुटणारं लोखंड हजारो हलक्या फटक्यांनी कसं काय तुटतं. मग १८५०-६० च्या दशकांत जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरने अ‍ॅक्सलवर पद्धतशीर टेस्ट केल्या. त्या कामातून जो आलेख रूढ झाला तो आजही प्रत्येक इंजिनिअर कॉलेजात शिकतो, उभ्या अक्षावर स्ट्रेस, आडव्या अक्षावर सायकलींची संख्या. नीट बघा, त्यात वेळ कुठेच नाही! स्टीलचं त्यावाचून काही अडत नाही, कारण कोरड्या हवेत, नेहमीच्या तापमानाला, स्टीलला तुम्ही १ हर्ट्झवर वाकवा नाहीतर ५० वर, ते साधारण तेवढ्याच सायकलींना तुटतं. खारं पाणी असेल किंवा तापमान खूप चढलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गंजायला आणि सरकायला वेळ मिळतो म्हणून सावकाश लोडिंग जास्त नडतं, पण ते अपवाद म्हणून बाजूला ठेवायची रीत आहे. पॉलिमरमध्ये तो अपवाद हाच नियम होऊन बसतो.

एक गंमत सांगते. धातूंच्या फटीग टेस्टसाठी, म्हणजे परत परत लोड देऊन थकवून तोडायच्या टेस्टसाठी, अल्ट्रासोनिक मशीन असतात, सेकंदाला २०,००० वेळा कंपन, म्हणजे २० किलोहर्ट्झ, आणि त्यावर अब्जावधी सायकल काही दिवसांत काढता येतात. प्लॅस्टिकचे दोन तुकडे एकमेकांना जोडायला जे अल्ट्रासोनिक वेल्डिंग मशीन वापरतात त्याची नेहमीची फ्रीक्वेन्सी किती? तीच, २० किलोहर्ट्झ. म्हणजे ज्या वेगाने धातूची परीक्षा घेतात त्याच वेगाने प्लॅस्टिक वितळवून चिकटवतात. यावर आणखी काही बोलायची गरज नाही खरं तर, पण बोलणार आहे.

पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. ताण दिला की काही भाग लगेच लांबतो, लवचिकपणे, सोडला की परत येतो. बाकीच्या साखळ्या मात्र एकमेकींवरून सरकायला, वळायला, गुंत्यातून सुटायला वेळ घेतात, कुठे मायक्रोसेकंद, कुठे सेकंद, कुठे महिने. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीची एक पट्टी कापून हाताने सावकाश ओढून बघा, ती गळ्यासारखी बारीक होत लांबच लांब जाते, आणि तशीच दुसरी पट्टी झटका देऊन ओढा, बहुतेक वेळा तटकन तुटते. मटेरियल तेच, ओढणारा हात तोच, बदलला तो फक्त वेळ. आता हे एकदा ओढण्याच्या बाबतीत इतकं उघड दिसत असेल तर लाख वेळा ओढताना वेगाने काहीच फरक पडत नाही असं मानायचं म्हणजे कमालच आहे.

फ्रीक्वेन्सी वाढवली की दोन गोष्टी एकदम होतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या दिशेने ओढतात, सगळा घोळ तिथे आहे. एक म्हणजे उष्णता. प्रत्येक सायकलमध्ये दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी आत मुरते आणि सॅम्पल तापतो. सेकंदाला किती उष्णता तयार होणार ते फ्रीक्वेन्सीच्या पटीत आणि ताणाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. लोड ठरावीक ठेवून टेस्ट चालू असेल तर हे दुष्टचक्र होतं, तापलं की मऊ पडतं, मऊ पडलं की तेवढ्याच लोडला जास्त लांबतं, जास्त लांबलं की अजून तापतं, आणि शेवटी सॅम्पल क्रॅक न जाताच ढेपाळतो. उलट लांबणं ठरावीक ठेवलं असेल तर मऊ पडल्यावर लोडच उतरतो आणि प्रकरण आपोआप शांत होतं. एएसटीएम या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं डी ६७१ नावाचं एक जुनं, नंतर मागे घेतलेलं स्टँडर्ड होतं, त्यात प्लॅस्टिक वाकवायची टेस्ट ३० हर्ट्झवर व्हायची, म्हणजे मिनिटाला १८०० वेळा. तसल्या वेगावर मिळालेले जुने आकडे बघताना मी नेहमी चार हात लांब राहते, कारण त्यातले किती सॅम्पल खरोखर क्रॅक जाऊन गेले आणि किती तापून गेले हे आकड्यावरून कळत नाही.

पण थांबा, मेम्ब्रेनचं तसं नाही. आणि हा मुद्दा जाड प्लॅस्टिकवर काम केलेल्या लोकांच्याही पटकन लक्षात येत नाही. उष्णता तयार होते जाडीभर, बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. मग तयार होणारी उष्णता जाडीच्या पटीत आणि बाहेर जायची वाट तेवढीच, म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर तापमानातली वाढही साधारण जाडीच्या पटीत. ६ मिलिमीटरची पट्टी आणि २५ मायक्रॉनची मेम्ब्रेन यांत २४० पटींचा फरक आहे. ढोबळ आकडे घालून बघा, १० हर्ट्झ, २ टक्के लांबणं, साधारण प्लॅस्टिकला शोभेल एवढी आत मुरणारी ऊर्जा, आणि बाजूला नुसती स्थिर हवा. जाड पट्टी पन्नास-पाऊणशे अंशांनी तापायच्या गोष्टी करते आणि मेम्ब्रेन अर्धा अंशही चढत नाही. त्यामुळे कोणी मला सांगितलं की पातळ फिल्मला जास्त फ्रीक्वेन्सी नडली कारण ती तापली, तर मी आधी थर्मल कॅमेऱ्याचा फोटो मागते. पाण्यात बुडलेली मेम्ब्रेन असेल तर तोही मागत नाही.

मग मेम्ब्रेनमध्ये उरते ती दुसरी गोष्ट, वेळ. याच्यासाठी क्रॅकच्या टोकाशी जावं लागतं.

आम्ही फिल्मची पट्टी कापतो, कडेला नव्या ब्लेडने एक बारीक खाच देतो (ब्लेड नवंच लागतं, वापरलेलं ब्लेड फिल्म कापत नाही, चुरगाळते), पट्टी ग्रिपमध्ये सरळ धरतो आणि खाचेच्या टोकावर मायक्रोस्कोप लावतो. पट्टी तिरकी धरली गेली असेल तर क्रॅक ग्रिपच्या दिशेने पळतो आणि सगळी मेहनत वाया. काचेसारख्या कडक पॉलिमरमध्ये, पॉलिस्टायरिन किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये, टोकाच्या पुढे एक पांढुरकी रेघ दिसायला लागते. ती क्रॅक नसते अजून, तिला क्रेझ म्हणतात, आत पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांच्या मधून काही नॅनोमीटर जाडीचे ताणलेले तंतू दोन्ही बाजूंना धरून ठेवत असतात. क्रॅक पुढे जायचा तर हे तंतू तुटले पाहिजेत. आता लोड वर गेला की तंतू अजून लांबतात, साखळ्या गुंत्यातून सुटत जातात, याला वेळ लागतो. लोड खाली आला की ते दुमडतात, चेपतात, आणि परत ताणल्यावर आधीच्याइतके धड राहत नाहीत, याला वेळ नव्हे, फेरा लागतो. म्हणजे टोकाशी दोन हिशेब चालू असतात, एक घड्याळाचा आणि एक मोजणी करणाऱ्या काउंटरचा. तेवढाच जास्तीत जास्त लोड नुसता टांगून ठेवला तर क्रॅक हळू जातो, तोच लोड चढता-उतरता ठेवला तर बऱ्याच पॉलिमरमध्ये लवकर जातो, ते या दुसऱ्या हिशेबामुळे.

तुटलेला पृष्ठभाग नंतर मायक्रोस्कोपखाली ठेवला की त्यावर आडवे पट्टे दिसतात, अगदी रेखीव. धातूंवर काम केलेला माणूस ते बघून लगेच मोजायला बसतो, कारण धातूंमध्ये बऱ्याचदा एक रेघ म्हणजे एक सायकल असते. पॉलिमरमध्ये तशाही रेघा असतात, पण पीव्हीसी, अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरिनमध्ये दुसरेही पट्टे असतात. तिथे क्रॅक शेकडो सायकल जागच्या जागी उभा असतो, क्रेझमधले तंतू हळूहळू झिजतात, आणि मग एका दमात क्रॅक त्या झोनमधून उडी मारतो आणि परत थांबतो. एक पट्टा म्हणजे शेकडो सायकल! दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर आयुष्याचा अंदाज शेकडो पटींनी चुकतो, आणि चुकलाय हे आकडा बघून कोणाला कळणारही नाही.

आता फ्रीक्वेन्सीचं आकड्यांत काय होतं ते बघू. पॉल पॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला नियम सगळे वापरतात, एका सायकलमागे क्रॅक किती पुढे गेला ते टोकावरच्या ताणतीव्रतेच्या (तिथे ताण किती एकवटलाय त्याच्या मापाच्या) चढउताराच्या अमुक घातावर अवलंबून. पुन्हा तेच, सायकलमागे. समजा एखाद्या मटेरियलमध्ये क्रॅक निव्वळ घड्याळावर चालतो आणि १ हर्ट्झला तो सायकलमागे १ मायक्रॉन जातोय. १० हर्ट्झ केलं तर प्रत्येक सायकलला वेळ मिळाला दहावा हिस्सा, म्हणजे सायकलमागे ०.१ मायक्रॉन. कागदावर मटेरियल दहापट चांगलं झालं, प्रत्यक्षात काहीही झालेलं नाही. उलट निव्वळ काउंटरवर चालणारं मटेरियल असेल तर १ ला जेवढा तेवढाच १० ला. खरी मटेरियल या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतात.

कुठे ते कोणालाही आधी छातीठोक सांगता येत नाही, पण १९७० च्या दशकात रिचर्ड हर्ट्झबर्ग आणि जॉन मॅन्सन यांच्या कामातून एक सुंदर चित्र पुढे आलं. अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरिन, पीव्हीसी यांच्यात फ्रीक्वेन्सी वाढवली की सायकलमागची क्रॅकची वाढ चांगलीच कमी होते, आणि पॉलिकार्बोनेट, नायलॉन ६६, पॉलिसल्फोन यांना फारसा फरकच पडत नाही. म्हणजे मघाशी मी जे सगळ्या पॉलिमरना एकाच मापाने झोडलं ते थोडं मागे घ्यायला हवं, पॉलिकार्बोनेट या बाबतीत अगदी धातूसारखं समजूतदार आहे. त्यांचं म्हणणं असं की पॉलिमरच्या साखळीतल्या छोट्या तुकड्यांच्या हालचालींची स्वतःची एक चाल असते, आणि टेस्टची फ्रीक्वेन्सी त्या चालीच्या जवळ आली की क्रॅकच्या टोकाशी, अगदी त्या चिमुकल्या जागेत, उष्णता तयार होते, टोक मऊ पडून बोथट होतं आणि क्रॅक रेंगाळतो. अ‍ॅक्रिलिकची ती चाल नेहमीच्या तापमानाला नेमकी टेस्टच्या फ्रीक्वेन्सीच्या टप्प्यात येते, पॉलिकार्बोनेटची येत नाही. गंमत बघा, संबंध सॅम्पल तापला तर तो वाईट, आणि फक्त टोक तापलं तर ते औषध. उष्णता तीच, जागा वेगळी.

रबराचं थोडक्यात सांगते कारण पंपातल्या डायफ्रामचा, म्हणजे वरखाली होणाऱ्या लवचिक पडद्याचा विषय निघाला की ते येतंच. नैसर्गिक रबर जोरात ताणलं की क्रॅकच्या टोकाशी त्याचे स्फटिक बनतात आणि ते टोक स्वतःच स्वतःला टाके घालतं, म्हणून नुसत्या टांगलेल्या लोडला त्याचा क्रॅक जवळजवळ थांबतो आणि वेगाचा परिणाम कमी दिसतो. एसबीआरसारखं न स्फटिकणारं कृत्रिम रबर मात्र स्थिर लोडलाही फाटत राहतं, त्यामुळे तिथे सावकाश चालवलेली टेस्ट जास्त कडक. रबर म्हटलं की सगळं एकच, असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मला सगळ्यात जास्त छळणारी मेम्ब्रेन म्हणजे फ्युएल सेलमधली, हायड्रोजन आणि हवेतून वीज बनवणाऱ्या सेलमधली. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मध्ये ही २५ मायक्रॉनची किंवा त्याहून पातळ फिल्म, केसाच्या निम्मीसुद्धा जाडी नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी ड्युपाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी शोधलेलं नॅफिऑन हे तिचं सगळ्यांना माहीत असलेलं रूप. ही फिल्म पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, पण चारी बाजूंनी चौकटीत आवळलेली असल्यामुळे तिला धड फुगताही येत नाही आणि आकसताही येत नाही. ओली असताना दाबली जाते, आणि दबलेल्या अवस्थेत थोडी कायमची आखूड होऊन बसते, मग वाळताना आधीपेक्षा जास्त ताण. बाहेरून कोणी ओढत नाहीये, ग्रिप नाही, मोटर नाही, तरी फटीग चालू. त्यात तिच्यावरच्या कॅटॅलिस्टच्या (रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाच्या) थराला सुकलेल्या चिखलासारख्या भेगा असतात, त्या भेगांखाली ताण एकवटतो आणि मेम्ब्रेनमधला क्रॅक बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

आता इथे फ्रीक्वेन्सी म्हणजे काय? ओलं-कोरडं होण्याची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ठरवलेल्या टेस्टमध्ये ८० अंशांना २ मिनिटं कोरडा वायू, २ मिनिटं दमट, अशा २०,००० सायकल काढायच्या असतात. म्हणजे ८०,००० मिनिटं, पंचावन्न-छप्पन्न दिवस. प्रत्येकाला वाटतं की २ मिनिटांचे २० सेकंद केले तर नऊ-दहा दिवसांत होऊन जाईल. होईल की! पण पाणी फिल्मच्या आत जायला जो वेळ लागतो तो जाडीच्या वर्गाच्या पटीत असतो, फिल्म दुप्पट जाड केली की वेळ चौपट. सायकल फार जलद केली तर मधला भाग पुरता ओलाही होत नाही आणि पुरता वाळतही नाही, नुसती वरची कातडी ओली-कोरडी होत राहते, आणि आपण २०,००० फेरे मोजून सर्टिफिकेट देतो. दुसरीकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमुळे तयार होणारे रॅडिकल, म्हणजे फार चटकन क्रिया करणारे कण, त्या साखळ्या रासायनिकरीत्या खात असतात. त्यांचा हिशेब शंभर टक्के घड्याळाचा, त्यांना काउंटर दिसतच नाही. टेस्ट जेवढी जलद तेवढं त्यांच्या वाट्याला कमी येतं.

या मेम्ब्रेनसाठी पट्टीपेक्षा मला फुग्याची टेस्ट आवडते. गोल भोकावर फिल्म आवळायची आणि खालून हवेचा दाब द्यायचा, ती घुमटासारखी फुगते, दोन्ही दिशांनी सारखी ताणली जाते, आणि कापलेली कड मध्ये नसल्यामुळे ब्लेडच्या ओरखड्यावर खापर फोडता येत नाही. दाब सेकंदासेकंदाने चढवता येतो, तासभर धरून ठेवता येतो, चढउतार करता येतो. सावकाश चढवला तर फिल्म कमी दाबाला गळायला लागते, भराभर चढवला तर जास्त दाब सोसते. गळती सुरू होते तीही धाडकन नाही, दाबाचा आकडा शेवटच्या घरात एकेक उतरायला लागतो, घुमट मात्र अजून तसाच टम्म, आणि लेन्स लावूनसुद्धा भोक सापडत नाही.

पाणी गाळायच्या पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथे दर अर्ध्या तासाला उलटं पाणी मारून सफाई केली तर दिवसाला ४८, वर्षाला १७,५२० फेरे, म्हणजे फटीगच्या भाषेत किरकोळच. फ्रीक्वेन्सी म्हणाल तर हर्ट्झमध्ये लिहायलाही लाज वाटेल एवढी कमी. पण तो व्हॉल्व्ह किती झटकन उघडतो यावर लोड किती क्षणात चढतो ते ठरतं, आणि दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास शांतता असली तरी चढण्याचा तो क्षण मेम्ब्रेनसाठी अतिवेगाचाच असतो. शिवाय ज्या टाक्यांत खालून हवेचे बुडबुडे सोडून तंतू हलवत ठेवतात तिथे दुसरं फटीग चालू असतं, सेकंदासेकंदाला झुलणारं, आणि तंतू तुटतो तो बहुतेक राळेत रोवलेल्या मुळाशी, जिथे लवचिक संपतं आणि कडक सुरू होतं. मॉड्यूलमध्ये, म्हणजे तंतूंच्या जुडग्याच्या नळकांड्यात, हवा भरून दाब उतरतोय का बघायचं, बुडबुड्यांची रांग कुठल्या तंतूतून येतेय ते शोधायचं आणि त्याच्या तोंडात पिन ठोकून तो बंद करायचा, अशी ती दुरुस्ती. एकाच मेम्ब्रेनवर दोन फ्रीक्वेन्सी, दोन वेगळ्या जागी. म्हणून नुसतं अमुक हर्ट्झ म्हणून भागत नाही, चढायला किती, टिकायला किती, उतरायला किती, हे तीनही लागतं. स्टेडियमच्या ईटीएफई नावाच्या प्लॅस्टिक फिल्मच्या छपरांचं वाऱ्याने होणारं हलणं वगैरे मी यात घेतच नाही, तिथे वारा काही साइन वेव्ह, म्हणजे मशीनची एकसारखी चढउताराची लाट, बघून वाहत नाही.

परवा प्रोजेक्टवाले सर म्हणाले, "मॅडम, फ्रीक्वेन्सी दुप्पट केली तर निम्म्या वेळात रिझल्ट येईल ना?" मी म्हटलं, "सर, रिझल्ट येईल, पण कशाचा येईल ते आधी ठरवू." हसले, पण डेडलाइन काही हलली नाही. त्यांचंही चुकत नाही, खऱ्या वेगाने सगळं तपासायचं म्हटलं तर वस्तू बाजारात येईपर्यंत ती वापरणारे म्हातारे होतील. घाई करायला माझी ना नाही. घाई कुठे खपते ते आधी बघावं एवढंच.

त्यासाठी लोक वेळ-तापमानाच्या अदलाबदलीकडे बघतात. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये दिलेलं समीकरण आहे, पॉलिमरला गरम केलं की साखळ्यांच्या हालचाली भराभर होतात, म्हणजे जास्त तापमानाला थोडा वेळ चालवलेली टेस्ट कमी तापमानाच्या लांब टेस्टची जागा घेऊ शकते. चांगली सोय आहे, मीही वापरते, पण ती साखळ्यांच्या सरकण्यासाठी आहे. पाणी शिरण्याचा, रसायनाने खाण्याचा, तंतू दुमडण्याचा दर तापमानाबरोबर त्याच हिशेबाने बदलेल याची हमी त्या समीकरणात कुठेही दिलेली नाही.

त्यापेक्षा मी एक सोपी चाचपणी करते. मोठी टेस्ट लावायच्या आधी तेच सॅम्पल, तोच लोड, तीच साइन वेव्ह, पण दोन फ्रीक्वेन्सी, एकमेकींपासून निदान दहापट लांब, ०.५ आणि ५ म्हणा. क्रॅकची लांबी दोनदा आलेखावर काढायची, एकदा सायकलींवर, एकदा तासांवर. सायकलींच्या आलेखावर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर मशीन खुशाल पळवा, फक्त सॅम्पल तापत नाहीये एवढं बघा. दोन्हीकडे बसल्या नाहीत तर मधलं काहीतरी आहे, आणि मग तिसरी, अजून सावकाश फ्रीक्वेन्सी लावल्याशिवाय पर्याय नाही, सर कितीही हसले तरी. आणि तासांच्या आलेखावर बसल्या तर पळवण्यात काडीचाही अर्थ नाही, कारण ०.५ हर्ट्झवर चालवा नाहीतर ५ वर, सॅम्पल फाटणार त्याच दिवशी, फक्त रिपोर्टमधला सायकलींचा आकडा दहापट मोठा दिसणार.